त्याच्या वतीनं

अठ्ठ्याऐंशी सालचा हिवाळा सुरू झाला तेव्हा वसुधाला चंदीगडला येऊन नऊ वर्षं झाली होती, आणि थकायला लागून दोन. मूळची ती साताऱ्याची. नवरा दिगंबर केंद्र सरकारच्या नोकरीत. त्याच्या बदलीबरोबर ती इकडे आली आणि शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिला स्पीच थेरपिस्टची जागा मिळाली. सुरुवातीला तिच्या खोलीत यायचे ते अर्धांगवायूचे म्हातारे आणि तोतरं बोलणारी शाळकरी मुलं. आता पंजाबातून वेगळेच पेशंट यायला लागले होते. कुणाच्या डोक्यात गोळी, कुणाला बॉम्बचा तुकडा लागलेला. कुणाला काहीच लागलेलं नाही, पण डोळ्यांदेखत भाऊ गेल्यापासून आवाज बंद.

पेशंट बोलत नसे, म्हणून नातेवाईक बोलत. वसुधा ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि म्हणायची, "मैं समझती हूँ जी." पहिली काही वर्षं हे ती खरोखर मनापासून म्हणायची. पुढे पुढे वाक्य तेवढं राहिलं. समोरची बाई रडत असताना आपण खिडकीबाहेरचं सायकल स्टँड बघतोय, हे तिच्या लक्षात यायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची. मग लाज वाटण्याचाही कंटाळा आला. घरी तिची अकरा वर्षांची नयना एकदा शाळेतली कसली तरी भांडणाची गोष्ट सांगत होती. मध्येच थांबून ती म्हणाली, "मम्मा, तुम सबको एक ही वाला 'हं' देती हो." पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. वसुधानं त्यावरही "हं" म्हटलं.

अजैबसिंग तिच्याकडे आला तो डिसेंबरात. पन्नाशीचा, धिप्पाड, एका बसचा कंडक्टर. ऑक्टोबरात एका संध्याकाळी कालव्याच्या पुलापाशी त्याची बस खलिस्तानी अतिरेक्यांनी अडवली, नावं विचारून पाच हिंदू प्रवाशांना खाली उतरवलं आणि गोळ्या घातल्या. अजैबसिंगच्याही डोक्यात गोळी गेली. तो वाचला, पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागला आणि सगळे शब्द गेले. एकच उरला. "अग्गे." पंजाबीत अग्गे म्हणजे पुढे. 'अग्गे चलो, अग्गे चलो' म्हणत पंचवीस वर्षं त्यानं बसमध्ये माणसं पुढे सरकवली होती. मेंदूला मार बसला की कधी कधी असं होतं. माणसाला कळतं बरंच, पण बोलायला गेलं की सवयीचा एखादाच शब्द बाहेर पडतो. पाणी हवं असलं तरी "अग्गे", राग आला तरी "अग्गे".

पेपरात त्याच्याबद्दल छापून आलं होतं. प्रवाशांना वाचवायला हा सरदार बसच्या दारात हात पसरून उभा राहिला, म्हणून त्याच्यावर गोळी झाडली, असं कुणा प्रवाशानं सांगितलं होतं. त्यामुळे वॉर्डात त्याला मान होता. लोक वाकून नमस्कार करून जायचे. अजैबसिंग भिंतीकडे तोंड फिरवायचा.

त्याची बायको गुरमेल कौर त्याला आठवड्यातून दोनदा घेऊन यायची. उपचार चालू होते तोवर दोघं चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्यात तिच्या बहिणीकडे राहत होती. गुरमेल उंच, हाडकुळी, फार कमी बोलणारी. नवऱ्याला खुर्चीत बसवून ती भिंतीलगतच्या स्टुलावर बसायची आणि त्याचा लुळा हात चोळत राहायची. वसुधानं काही विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर द्यायची.

वसुधाला हा पेशंट आवडला. त्याला काय म्हणायचंय ते आपल्याला नेमकं कळतं, असं तिला वाटायला लागलं. 'अग्गे' एकच असलं तरी सूर निराळे होते, ते ती ओळखायची. "बाऊजींना थंडी वाजतेय, हीटर जवळ घ्या," "बाऊजी म्हणतायत, आज पुरे," असं ती इतरांना सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती सांगायची की अशा माणसाचं आपण तोंड व्हायचं असतं. कितीतरी दिवसांनी तिला आपल्या कामात जीव आल्यासारखं झालं होतं.

जानेवारीत तिनं त्याच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. चित्र काढता येतं का बघू म्हणाली. त्यानं वेडावाकडा चौकोन काढला, त्याला चाकं काढली, एक दार काढलं. मग दारापासून कागदाच्या पार टोकापर्यंत एक लांब रेघ ओढली आणि पेन्सिल ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"ते लोक या बाजूनं आले, असंच ना?" वसुधानं विचारलं.

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. वसुधा हसली, त्याच्या हातावर थोपटलं. या आजारात हो आणि नाहीची अदलाबदल होते हे तिला पाठ होतं. त्याच्या फाइलमध्ये तिनं लिहून ठेवलं: पेशंट प्रसंग चित्रातून सांगू लागला आहे.

फेब्रुवारीत एक निरोप आला. बसमधल्या पाच जणांपैकी मदनलाल म्हणून एक जण तहसील कचेरीत कारकून होते. त्यांची बायको संतोष आता गाव सोडून चंदीगडजवळ पिंजोरला भावाकडे राहायला आली होती. तिला अजैबसिंगला भेटायचं होतं. वसुधाला हे फार चांगलं वाटलं. माणसानं कृतज्ञता ऐकली की त्याला उभारी येते, असं तिनं गुरमेलला समजावलं. गुरमेल म्हणाली की तो दमतो, नको. वसुधानं पुन्हा सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही म्हणता तर ठीक."

त्या दिवशी धुकं होतं, आणि नाक्यावर बसची झडती झाली म्हणून संतोष तासभर उशिरा आली. चाळिशीची बारीक बाई, अंगावर तपकिरी शाल, हातात प्लॅस्टिकची टोपली. वसुधाच्या समोरच्या खुर्चीत ती अवघडून बसली. मध्ये टेबल, टेबलावर पेशंटांना सराव द्यायचे लाकडी ठोकळे. पलीकडे अजैबसिंग. गुरमेल नेहमीच्या स्टुलावर.

वसुधाला वाटलं होतं ती आभार मानायला आली असेल. तसं नव्हतं.

"मला एवढंच विचारायचंय," संतोष म्हणाली. "शेवटी ते काही बोलले का? कुणी म्हणतं हात जोडले होते. कुणी म्हणतं मुलीचं नाव घेतलं. कुणी म्हणतं कळलंसुद्धा नसेल त्यांना. सगळे मला बरं वाटेल ते सांगतात. हे तर तिथंच होते."

अजैबसिंगचा चेहरा वाकडा झाला. "अग्गे," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

वसुधाजवळ उत्तर तयार होतं. ते तिला शोधावं लागलं नाही. "ते म्हणतायत, वाचवता आलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटतं," ती मऊ आवाजात म्हणाली. "मदनलालजींना त्रास झाला नाही. एका क्षणात झालं सगळं."

अजैबसिंगनं डावा पंजा टेबलावर आपटला. ठोकळे उडाले. "अग्गे! अग्गे!" तो जोरजोरात मान हलवत होता, नाही, नाही.

"कधी कधी त्यांचं हो-नाही उलटं होतं," वसुधा संतोषला समजावू लागली. बोलता बोलता तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं आणि ती थांबली. तो रागावलेला नव्हता. एकच गोष्ट दहादा सांगून दमलेला माणूस जसा बघतो, तसा तो तिच्याकडे बघत होता.

मग त्यानं एक मोठा ठोकळा ओढून टेबलाच्या मध्यभागी ठेवला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. डाव्या हाताची दोन बोटं पायांसारखी ठोकळ्यापाशी उभी केली आणि ती बोटं पळाली. ठोकळ्यापासून दूर, टेबलाच्या कडेपर्यंत, भराभर. कडेला पोचल्यावर ती आडवी पडली. त्यानं हात उचलून डाव्या कानामागची जखम दाखवली. कानाच्या मागची. पुढून आलेली गोळी तिथं लागत नाही.

हे वसुधानं पहिल्याच दिवशी फाइलमध्ये वाचलं होतं. गोळी मागून शिरली, असं सर्जननं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलं आणि सोडून दिलं, कारण दारात हात पसरून उभा असलेला माणूस तिच्या डोक्यात आधीच पक्का बसला होता. चित्रातली ती लांब रेघही त्याच्याच पळण्याची होती. त्यानं नाही म्हटलं ते नाहीच होतं.

विद्यार्थ्यांना ती एक साधी युक्ती शिकवायची: पेशंटच्या हो-नाहीची खात्री नसेल तर तोच प्रश्न उलटा करून विचारा. तिनं आता विचारलं, "तुम्ही पळत होतात?" त्यानं हो म्हटलं. थोड्या वेळानं विचारलं, "तुम्ही दारात उभे राहिलात?" त्यानं नाही म्हटलं. पुन्हा फिरवून विचारलं. उत्तर बदललं नाही. मदनलालजींचं शेवटचं बोलणं ऐकलंत का, असंही विचारलं; त्यानं नाही म्हटलं. एवढं करायला चार मिनिटं लागली. दोन महिन्यांत तिला ती मिळाली नव्हती.

ती संतोषकडे वळली. "मघाशी मी जे सांगितलं ते माझं होतं," ती म्हणाली. "यांचं नव्हतं. हे घाबरून पळाले. पळताना गोळी लागली. तुमचे पती काय बोलले, यांना ठाऊक नाही."

गुरमेल जमिनीकडे बघत होती. अजैबसिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसत नव्हता.

"किती लांब पळालात?" संतोषनं त्याला सरळ विचारलं.

त्याला आकडे सांगता येत नसत. त्यानं खिडकीतून सायकल स्टँड दाखवलं. संतोष उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"एवढं तर आमच्या यांना जमलंच नसतं," ती म्हणाली. "गुडघे गेले होते त्यांचे." आणि खिडकीचे गज धरून ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. वसुधाच्या तोंडावर सवयीचं वाक्य आलं होतं, ते तिनं उच्चारलं नाही.

संतोष परत येऊन बसली तेव्हा अजैबसिंग ठोकळे मांडत होता. दोन रांगा, मध्ये वाट. डावीकडच्या तिसऱ्या ठोकळ्यावर त्यानं बोट ठेवलं, संतोषकडे बघितलं. मग मान खांद्यावर टाकली, तोंड उघडं ठेवलं आणि घोरल्याचा आवाज काढला.

संतोष बघतच राहिली. "बसमध्ये पण?" तिनं विचारलं. त्यानं हो म्हटलं. त्यानं हातानंच दाखवलं की बस स्टँडवरून हलायच्या आधीच मदनलालना झोप लागायची, आणि त्यांचा थांबा आला की आपण खांद्यावर टकटक करून उठवायचो. रोज. सहा वर्षं मदनलाल याच बसनं घरी यायचे. संतोषच्या तोंडून हसू फुटलं, नाक ओढत ती म्हणाली, "मला म्हणायचे, खिडकीतून शेतं बघत येतो."

दुपारच्या बसला निघताना तिनं टोपलीतून चार संत्री काढून टेबलावर ठेवली. त्याला नमस्कार वगैरे केला नाही. गुरमेलच्या खांद्याला हात लावला आणि गेली.

वसुधाला वाटत होतं की आज काहीतरी चांगलं घडलं. अजैबसिंगला व्यायामाच्या खोलीत सोडून गुरमेल बाहेर बाकावर बसली होती. वसुधा तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली की त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल.

"गोळी कुठून शिरली ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," गुरमेल समोर बघत म्हणाली. "जखम मी धुतलीय."

वसुधा तिच्याकडे वळली.

"दारात उभा राहिला असं मी नाही कुणाला सांगितलं. पेपरात आलं. पण आमच्या गल्लीत सहा हिंदू घरं आहेत. दोन तर निघायच्या तयारीत होती, सामान बांधून. हे छापून आलं आणि ती थांबली. म्हणाली, आपल्यासाठी गुरमेलच्या माणसानं छाती पुढे केली. माझा मुलगा त्यांच्या दुकानात कामाला बसतो. ते मी मोडू? आणि त्याला कुणी शेर म्हटलं की त्या दिवशी तो जेवत नाही. त्याच्यापाशी कोण बसतं? तुम्ही त्याचं समजून घेतलंत, चांगलं केलंत. पण मी तुमच्या त्या खोलीत दोन महिने बसते डॉक्टरनीजी. मला कधी काही विचारलंत?"

हे सगळं ती न चिडता बोलली. चिडायलाही अंगात काही उरलं नसावं. वसुधानं आठवून पाहिलं. हात चोळणाऱ्या त्या बाईला तिनं खरंच काही विचारलं नव्हतं. पेशंट कधी झोपतो, काय खातो, एवढंच.

"आता विचारते," ती म्हणाली.

"आता नको," गुरमेल म्हणाली. "गुरुवारी किती वाजता यायचं?"

त्या संध्याकाळी वसुधा घरी आली तेव्हा दिगंबर नागपूरच्या बदलीचं सांगत होता. त्यानं अर्ज केला होता, वरून उत्तर येत नव्हतं, ऑफिसात जो तो परतीच्या वाटेला लागलेला. तो बोलत असताना तिच्या लक्षात आलं की आपलं उत्तर पाचेक वाक्यांपूर्वीच तयार झालंय. ती म्हणाली, "थांब. तुला भीती वाटतेय म्हणून जायचंय, की कंटाळा आलाय म्हणून?"

दिगंबर चमकला. "मी मराठीतच बोलतोय ना?" तो वैतागून म्हणाला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "दोन्ही नाही. नागपूरला आईचं काय चाललंय ते कळत नाही फोनवर. नुसती 'बरी आहे' म्हणते." चौदा वर्षांच्या संसारात ती या माणसाच्या मनातलं न विचारता सांगत आली होती. आई तिच्या यादीतच नव्हती. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं. ती उठून कणीक मळायला गेली.

त्यानंतर महिनाभर गुरमेल वेळेवर येत राहिली आणि वसुधाशी कामापुरतंही जेमतेम बोलली. मार्चच्या शेवटी एक दिवस तिनं स्वतःहून स्टूल टेबलाजवळ ओढलं. गावच्या पंचायतीनं बैसाखीला अजैबसिंगचा सत्कार ठरवला होता. मांडव, भाषणं, गळ्यात सिरोपा म्हणजे मानाचं वस्त्र. तो प्रवास करू शकत नाही असं हॉस्पिटलच्या कागदावर लिहून हवं होतं.

खरं तर तो प्रवास करू शकत होता. वसुधानं आधी त्याला विचारलं, "सत्काराला जायचंय?" त्यानं नाही म्हटलं. "इथंच राहायचंय?" त्यानं हो म्हटलं. मग तिनं गुरमेलला विचारलं, "आणि तुम्हाला?"

गुरमेलनं नवऱ्याचा हात चोळणं थांबवलं. "मला त्या मांडवात बसायचं होतं," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत. सगळ्यांनी बघावं म्हणून. पण लिहा तुम्ही."

वसुधानं लिहिलं: पेशंटची प्रकृती सार्वजनिक समारंभास उपस्थित राहण्याजोगी नाही. सही केली, शिक्का मारला. हे खरं की खोटं, तिला सांगता आलं नसतं. गुरमेलनं कागदाची घडी करून ओढणीच्या टोकात बांधली.

अजैबसिंग ऑगस्टपर्यंत येत राहिला. तोवर त्याला तीसेक शब्द यायला लागले होते: पाणी, रोटी, बस, बायकोचं नाव. 'मी' आणि 'पळालो' हे दोन शब्द सुटे सुटे यायचे, एकापुढे एक कधी आले नाहीत. वसुधानं ते आणायचा प्रयत्नही केला नाही. मग त्यांच्या जिल्ह्यात पुन्हा गडबड सुरू झाली, धाकटा मुलगा गावात एकटा होता, म्हणून दोघं परत गेली. जाताना गुरमेलनं पत्ता दिला नाही आणि वसुधानं मागितला नाही.

दिवाळीनंतर पिंजोरहून एक पोस्टकार्ड आलं. संतोषनं शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. मुलीला तिथल्या शाळेत घातलंय, भावानं कारखान्यात शब्द टाकलाय, कँटीनमध्ये काम मिळेलसं दिसतं. शेवटी विचारलं होतं की सरदारजी कसे आहेत, आता बोलतात का, घरी सुखानं आहेत का.

कार्ड आठवडाभर वसुधाच्या टेबलावर पडून होतं. ते सुखात असतील, असं लिहायला तिला काही वेळ लागला नसता. रविवारी दुपारी तिनं सेक्टर सतराच्या पोस्टातून आणलेलं कार्ड काढलं आणि हिंदीत लिहिलं: ऑगस्टमध्ये पाहिलं तेव्हा त्यांना काठीशिवाय चालता येत होतं. तीस शब्द येत होते. गुरमेलजींची पाठ दुखत होती. दोघंही गावी गेली. त्यानंतर काही कळलेलं नाही. कळलं तर कळवीन.

नयनानं ते वाचलं आणि विचारलं, "बस, इतना ही?"

"इतकंच माहितीय," वसुधा म्हणाली, आणि कार्ड टाकायला दोघी खाली उतरल्या.